शाल फारसी, श्रीफळ संस्कृत

मराठी भाषा गौरव दिनाच्या एका कार्यक्रमाला गेलो होतो. आमच्या हसनाबादपासून थोड्याच अंतरावर होता. वक्ते बाहेरगावचे, वाचलेले, बोलणे ओघवते. विषय होता मराठीचे शुद्ध रूप. अर्ध्या तासात त्यांनी वीस-पंचवीस शब्द उचलून दाखवले आणि म्हणाले, हे सगळे आक्रमणाबरोबर आले. आक्रमण गेले, आता यांनाही निरोप द्या. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, कारण सगळेच वाजवत होते.

मग सूत्रसंचालकांनी जाहीर केले, ‘शाल, श्रीफळ देऊन पाहुण्यांचा सत्कार होत आहे.’ पाहुण्यांच्या डोक्यावर जरीकाठी फेटा बांधला गेला, खांद्यावर शाल आली. माझ्या शेजारी आमच्याच गावचे एक शेतकरी काका बसले होते. मी काहीबाही लिहितो हे त्यांना ठाऊक आहे. कानाशी वाकून त्यांनी विचारले, ‘भाऊ, शाल बी त्यातलीच का हो? मंग आता काय पांघरावं म्हणावं त्यांनी?’

काकांनी थट्टेत विचारले होते. मी मात्र त्या प्रश्नात अडकलो. शाल फारसी आहे. जरी फारसी आहे. ‘जर’ म्हणजे सोने. श्रीफळ संस्कृत आहे. तीन शब्द एकाच ताटात, एकाच माणसाच्या सत्काराला, आणि कोणालाही त्यात काही विसंगत वाटत नाही. वाटायचे कारणही नाही. पण ज्या व्यासपीठावरून हे शब्द हाकलायची भाषा झाली त्याच व्यासपीठावर ते पांघरले गेले, याकडे कोणीतरी बोट दाखवायला हवे. म्हणून हा लेख.

कापडाच्या शब्दांपासून सुरुवात करतो, कारण भरजरी कापड म्हटले की मराठीची जीभ आपोआप अरबी-फारसीकडे वळते. किनखाब, अतलस, मखमल, ताफ्ता, मशरू, हिमरू, जरतार, जरदोजी, कलाबतू, कशिदा. डोक्यावरचे घ्या: मंदील, शिरपेच, तुरा. साधा रुमाल घ्या: ‘रू’ म्हणजे चेहरा, ‘माल’ म्हणजे पुसणारा. पायजमा घ्या: ‘पाय’ म्हणजे पाय, ‘जामा’ म्हणजे वस्त्र. यातला प्रत्येक शब्द मूळ भाषेत काहीतरी नेमके सांगतो. अतलस म्हणजे गुळगुळीत. मखमल म्हणजे लव असलेले. कशिदा म्हणजे ओढलेले, म्हणजे सुईने ओढलेला धागा. जरदोजी म्हणजे सोन्याची शिवण. हे शब्द पंडितांनी बसून तयार केलेले नाहीत. विणणाऱ्याला, विकणाऱ्याला आणि विकत घेणाऱ्याला एक कापड दुसऱ्यापासून वेगळे सांगता यावे म्हणून ते झाले.

किनखाबाची गोष्ट गमतीची आहे. आमच्याकडे जुनी माणसे सांगत, ‘कम’ अधिक ‘ख्वाब’, म्हणजे ज्याने झोप कमी होते ते कापड. अंगावर टोचते म्हणून, की चोरीच्या धास्तीने, यावर वाद चाले. अभ्यासक मात्र या शब्दाचे मूळ चिनी भाषेकडे नेतात; तिथे ‘किन’ म्हणजे सोने. म्हणजे ज्याला आपण फारसी म्हणून परका ठरवतो तो फारसीतही पाहुणाच होता. चीनमधून इराणात, इराणातून दख्खनेत, दख्खनेतून पेठेत. आता याला हाकलून नक्की कोणत्या देशाला पाठवायचे?

पण ‘आक्रमणाबरोबर आले’ या वाक्याला खरे उत्तर देणारा शब्द दुसराच आहे. कुरआनात जन्नतीतल्या लोकांच्या पोशाखाचे वर्णन आहे. सूरह कहफमध्ये दोन कापडांची नावे येतात, सुंदुस आणि इस्तब्रक. सुंदुस तलम रेशीम, इस्तब्रक जाड, भरजरी रेशीम. इस्तब्रक हा शब्द अरबीत जुन्या इराणी भाषेतून आला, हे आमच्या जुन्या मुफस्सिरांनीही मोकळेपणाने नोंदवले आहे. आता दुसरीकडे पाहा. त्याच सातव्या शतकात सम्राट हर्षाच्या दरबारातला कवी बाणभट्ट ‘हर्षचरित’ लिहितो आणि त्यात राजांच्या अंगावर ‘स्तवरक’ नावाचे कापड घालतो. वासुदेवशरण अग्रवाल यांनी दाखवून दिले की बाणाचा स्तवरक आणि अरबीतला इस्तब्रक हे एकाच इराणी शब्दाचे दोन अवतार आहेत.

हर्षाचा काळ इ. स. ६०६ ते ६४७. पैगंबरांवर (स.) कुरआन उतरला तो ६१० ते ६३२ या काळात. म्हणजे एकच शब्द एकाच वेळी मक्का-मदिनेतही होता आणि कनौजच्या दरबारातही. उत्तर हिंदुस्थानात तेव्हा एकही मुसलमान सुलतान नव्हता, एकही स्वारी झालेली नव्हती. हा शब्द तलवारीबरोबर कसा येईल? तो गाठोड्यातून आला, ताग्याला गुंडाळून आला. व्यापाऱ्याने कापड विकले आणि कापडाबरोबर नाव दिले. कापडाचे शब्द बहुधा असेच येतात.

सुलतानांच्या काळात हे शब्द वाढले, हे खरे. ते नाकारायचे कारण नाही. मुहम्मद तुघलकाने १३२७ साली देवगिरीला, म्हणजे दौलताबादला राजधानी आणली. दमास्कसचा लेखक अल-उमरी याने त्याच काळात हिंदुस्थानातून आलेल्या प्रवाशांकडून ऐकून लिहिले आहे की हा सुलतान दरवर्षी दोन लाख पोशाख वाटतो, निम्मे वसंतात, निम्मे शरदात. इब्न बतूताने चीनच्या बादशहाला पाठवलेल्या नजराण्याची यादी दिली आहे. त्यात कापडे नावानिशी आणि शंभरांच्या हिशेबाने मोजली आहेत: बैरमी, शिरींबाफ, शानबाफ. ‘बाफ’ म्हणजे विणलेले. तो नजराणा घेऊन इब्न बतूता दौलताबादेवरूनच पुढे गेला. औरंगाबादचे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचे हिमरू विणकर आपली परंपरा याच तुघलकी स्थलांतराशी जोडत आले आहेत.

असे पोशाख वाटण्याला शब्द होता खिलत. मूळ अरबी ‘खिलअत’, आणि तिच्या धातूचा अर्थ अंगावरून उतरवणे. राजाने स्वतःच्या अंगावरचे वस्त्र उतरवून दुसऱ्याच्या अंगावर घालायचे, तो सन्मान. पुढे अंगावरचे गेले, कारखान्यातले आले, पण अर्थ तोच राहिला. हा मान किती मोलाचा होता ते आपल्याला आग्र्यावरून कळते. १६६६च्या मे महिन्यात औरंगजेबाच्या दरबारात खिलती वाटल्या गेल्या आणि शिवाजी महाराजांना डावलले गेले. तो अपमान महाराजांनी भर दरबारात बोलून दाखवला. एका वस्त्रात केवढे राजकारण असते, ते त्या दिवशी दिसले.

पण तीच रीत मराठ्यांनी टाकून दिली नाही. शब्द बदलला, रीत ठेवली. ‘वस्त्रे देणे’ असे म्हटले. बाळाजी विश्वनाथांना १७१३ साली पेशवाईची वस्त्रे मिळाली, बाजीरावांना १७२० साली. आजही मराठीत ‘पदाची वस्त्रे’ म्हटले की अधिकार असाच अर्थ होतो. आणि आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या सत्कारापासून शाळेच्या निरोपसमारंभापर्यंत जी शाल खांद्यावर पडते ती या खिलतीचीच लेक आहे. सुलतान गेले, पातशहा गेले, छत्रपती-पेशवे गेले. अंगावर वस्त्र घालून माणसाचा मान करायची रीत सरपंचापर्यंत पोचली. मला तर याचा आनंदच वाटतो.

कोणी म्हणेल, खुद्द महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्याचे काय? हा मुद्दा योग्य आहे आणि त्याला बगल देऊ नये. दरबारातल्या फारसी-दखनी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा हा कोश महाराजांच्या इच्छेने झाला. त्यात राजवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग यांच्याबरोबर भोग्यवर्ग आणि पण्यवर्गही आहेत. नव्या राज्याला आपल्या भाषेची प्रतिष्ठा हवी, ही त्यामागची भूमिका मला समजते आणि तिचा आदर वाटतो. पण त्याच राज्याच्या अठरा कारखान्यांच्या यादीत जामदारखाना होता, जिथे उंची वस्त्रे, जडजवाहीर ठेवत. ‘जामदार’ म्हणजे जामा सांभाळणारा. आज जामदार हे मराठी आडनाव आहे. कोणत्या जामदारांना आपण सांगणार, की तुमचे आडनाव परके, बदलून या?

गेल्या शतकातले उदाहरण आणखी बोलके आहे. माधव त्र्यंबक पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, यांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश सिद्ध केला. फारसीवर इतके प्रेम करणारा मराठी माणूस विरळाच. आणि पुढे हेच पटवर्धन भाषाशुद्धीच्या बाजूने उभे राहिले, त्यावर पुस्तक लिहिले. मी त्यांच्या मताशी सहमत नाही. पण त्यांना शब्द कुठून आला, कसा आला हे पक्के ठाऊक होते. मतभेद करायचा तर तेवढी मेहनत करून करावा. आज शुद्धीचा आग्रह धरणाऱ्या किती जणांनी तो कोश उघडला असेल?

इथपर्यंत वाचून माझे काही मुसलमान वाचक माना डोलावत असतील. तर आता थोडे आपल्याकडेही पाहू.

आमच्या घरात एक जुनी लोखंडी पेटी आहे. तिच्यात नानीची हिमरूची शाल आहे. नानी औरंगाबादची, लग्न होऊन या गावात आली. तिचे वडील लहानपणी मागावर ‘खींचनेवाला’ होते. जुन्या हिमरूच्या मागाला दोन माणसे लागत. एक खाली खड्ड्यात पाय सोडून विणणारा, दुसरा वर बसून नक्षीचे धागे क्रमाने ओढणारा. वरचा बहुधा पोरगाच असे. नक्षी आधीच धाग्यांत बांधून ठेवणारा तो नक्षबंद. आपण ‘नक्षी’ म्हणतो ती याच घरातली. नानी ती शाल वर्षातून एकदा उन्हात घाली आणि आम्हा पोरांना दटावी, ‘नक्को रे हात लगाव, मेरे अब्बा की महिन्याभर की मेहनत है.’ तिच्या दखनीतले ‘नक्को’ मराठीने दिलेले आणि आपल्या मराठीतली ‘मेहनत’ तिच्या बोलीच्या घरची. देवघेव दोन्ही बाजूंनी झाली, आणि कोणी हिशेब ठेवला नाही.

दोन वर्षांपूर्वी घरात लग्न होते. नवरदेवासाठी शेरवानी भाड्याने आणली, यंत्राचे भरतकाम, चकचकीत प्लास्टिकची जरी. मी सुचवले, नानीची शाल खांद्यावर टाकू या. एक भाचा म्हणाला, ‘मामू, वो पुरानी लगती.’ दुसरा, जो अलीकडे जरा जास्त धार्मिक झाला आहे, म्हणाला, ‘रेशमी है ना? मर्दों को हराम.’ दोघांचे ऐकून शाल पुन्हा पेटीत गेली. त्या दिवशी मी गप्प बसलो. आज उत्तर देतो.

पुरुषांना शुद्ध रेशीम मना आहे, हे खरे. पण त्याच हदीसच्या परंपरेत दोन, तीन, चार बोटांच्या रेशमी काठाची मुभाही आहे. आणि याच मर्यादेतून एक अख्खे कापड जन्माला आले, मशरू. अरबीत मशरू म्हणजे शरीयतला मान्य असलेले. त्यात ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा. विणायची पद्धत अशी की रेशीम वरच्या अंगाला दिसते आणि अंगाला लागते ते सूत. डोळ्याला रेशीम, कातडीला कापूस. हिमरूही त्याच वळणाचे, सूत आणि रेशीम मिळून. त्याचे नाव ‘हम-रू’वरून, म्हणजे सारख्या चेहऱ्याचे, किनखाबासारखे दिसणारे, पण किनखाब नव्हे. भाच्याने ज्याला हराम म्हटले ते कापड हलाल-हरामचा विचार करूनच विणलेले होते. त्याच्या पणजोबांना तो विचार ठाऊक होता, त्याला ठाऊक नाही. धर्म जास्त झाला म्हणून असे होत नाही. वारसा कमी माहीत असला की असे होते.

मला मशरू हा शब्द फार मोठा वाटतो. मर्यादा आली की दोन वाटा असतात. एक, सगळेच बंद करा. दुसरी, मर्यादा पाळून काय करता येईल ते शोधा. विणकराने दुसरी वाट धरली आणि त्यातून सौंदर्य काढले. फतव्यांची चर्चा आपल्याकडे खूप होते. मागावर बसून फिक्हचा प्रश्न सोडवणाऱ्या त्या माणसाची चर्चा कधी होत नाही.

त्याचे नावसुद्धा आपल्याला माहीत नाही. जुन्या खिलाफतीच्या काळात शाही वस्त्रांवर अक्षरांचा पट्टा विणत, त्याला तिराज म्हणत. त्यावर खलिफाचे नाव असे, दुआ असे, कित्येकदा कारखान्याचे गाव आणि सालही असे. विणणाऱ्याचे सहसा नसे. कापडाच्या शब्दांवर अभिमान बाळगणाऱ्या आपण मुसलमानांनी हेही कबूल करावे, की ‘जुलाहा’ हा शब्द आपल्याच अशराफांनी हिणवण्यासाठी वापरला. कबीर जुलाहा होते म्हणून आपण आज तो शब्द आदराने घेतो. पण लग्न जमवताना? ज्यांनी अख्ख्या मुलखाला भरजरी शब्द दिले त्यांना आपण पंगतीत मागे बसवले, आणि आता भाषणात त्यांचा वारसा सांगतो. वक्त्यांच्या खांद्यावरची शाल आणि आपल्या तोंडचा वारसा, दोन्हींत फार फरक नाही.

आता मुद्द्याचे बोलतो. शब्द वाचवायचा तर वस्तू वाचवावी लागते. वस्तू वाचवायची तर ती करणारा हात जगवावा लागतो. कलाबतू म्हणजे काय हे आज शब्दकोशात मिळेल. पण रेशमाच्या धाग्यावर चांदीची तार कशी गुंडाळतात, वर सोन्याचे पाणी कसे चढते, हे कोशातून कळत नाही. ते हाताला ठाऊक असते, आणि तो हात गेला की शब्द नुसता आवाज उरतो. एकेकाळी निजामाच्या सरदारांच्या शेरवान्यांसाठी हिमरू विणणाऱ्या शहरात आज हातमागावर हिमरू विणणारे बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. पैठणीला सरकारचा आणि लग्नाच्या बाजाराचा आधार मिळाला, चांगले झाले. हिमरू आणि मशरूच्या वाट्याला तेवढे आले नाही.

यात मला सर्वांत जास्त चुटपूट लागते ती आमच्या जिल्ह्याची. जालना जिल्ह्यात कापूस आहे, काळ्या मातीतला, पिढ्यान्‌पिढ्यांचा. आणि आता रेशीमही आहे. तुतीची लागवड वाढली, २०१८ साली जालन्यात रेशीम कोषांची बाजारपेठ सुरू झाली. त्याआधी शेतकऱ्याला कोष घेऊन कर्नाटकात रामनगरपर्यंत जावे लागे. म्हणजे हिमरूचे सूत आमच्या शेतात, रेशीम आमच्या शेडमध्ये, दोन्ही एकाच बाजारगावात येतात आणि दोन्ही दुसरीकडे निघून जातात. ताणाही आहे, बाणाही आहे. मध्ये माग तेवढा नाही.

हा भाग कापडाला नवखाही नाही. आमचा तालुका भोकरदनचा, म्हणजे जुने भोगवर्धन. सांची आणि भारहूतच्या स्तूपांवर दान देणाऱ्यांच्या नावांत भोगवर्धनची माणसे आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी इथली माणसे इतक्या दूरच्या वाटेवर होती. व्यापाराच्या वाटेवर बसलेल्या गावाने परक्या शब्दाचे भय बाळगावे, हे मला पटत नाही. आणि ज्या गावाचे नावच हसन आणि आबाद मिळून झाले आहे त्याने तर नाहीच. आबाद म्हणजे वसलेले, भरलेले. आम्ही हिंदू-मुसलमान सगळे मिळून ते गाव वसलेले ठेवतो.

म्हणून माझे मागणे थोडके आहे. शुद्धीवाल्यांना सांगतो, शब्द काढण्याआधी त्याची वाट शोधा. बहुतेक वाटांवर तुम्हाला फौज भेटणार नाही, बैलांवर लादलेले तागे भेटतील. आपल्या लोकांना सांगतो, घरातली पेटी उघडा. आतल्या कापडाला आजी काय म्हणत होती ते लिहून ठेवा, विणकर हयात असेल तर त्याच्याजवळ बसा आणि त्याचे नाव त्या कापडाशी जोडा. आणि जिल्ह्यातल्या कारभाऱ्यांना सांगतो, कोषांचा बाजार दिलात, शाब्बास. आता दहा माग आणि शिकवायला दोन जुने उस्ताद द्या. ते अजून आहेत. दहा वर्षांनी हे वाक्य मला लिहिता येणार नाही.

त्या कार्यक्रमानंतर काका पुन्हा भेटले, जालन्याला कोष विकून परत येताना. मी त्यांना मशरूची गोष्ट सांगितली. त्यांनी ऐकून घेतले, थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले, ‘म्हंजी रेशीम माझं, कापूस बी माझा, अन् शाल तुमच्या नानीची. मंग परकं कोण हाय यात?’

घरी येऊन मी पेटी उघडली. येत्या ईदला ती शाल मी पांघरणार आहे. भाच्याने विचारले तर त्याला आधी मशरूचा अर्थ सांगेन, मग नानीच्या अब्बांचा.